हात धरला की पाट उतरतो: जादू आणि निषिद्ध प्रेमाच्या एका कादंबरीच्या संपादनाची हकीकत

पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रकाशनाकडे कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी आली. लेखिका पांझरा नदीच्या काठावरच्या गावातली, वय 23, तिची पहिलीच कादंबरी. हस्तलिखित 41 प्रकरणांचं, 1,32,000 शब्दांचं. या हकिकतीत लेखिका, संपादक आणि प्रकाशक यांची ओळख दिलेली नाही. कादंबरीतल्या पात्रांची नावंही बदलली आहेत. नायिकेला इथे गिरजा म्हणू, नायकाला राघो.

पहिल्या खर्ड्यात दगडी किल्ल्यातली जादूशाळा होती, विद्यार्थ्यांचे चार गट होते, छड्या होत्या आणि सीमेवर बर्फाचं जंगल होतं. गिरजा प्रकाशाच्या कुळातली, राघो अंधाराच्या. दोन कुळांचं हजार वर्षांचं वैर, म्हणून प्रेमाला बंदी. वैर का, हे 41 प्रकरणांत कुठेच सांगितलेलं नव्हतं. शेवटी डोंगरात राहणारी एक म्हातारी डाकीण जाळली जाते, शाप सुटतो आणि दोघांचं लग्न होतं. गिरजाचं वय 16, राघोचं 18.

हे वाचताना एक गोष्ट सतत खटकते. जिच्या गावात मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, ती लेखिका बर्फाचं वर्णन पानंच्या पानं करते आणि त्यात थंडी कुठेच लागत नाही. पण सतराव्या प्रकरणात सात पानं वेगळीच होती. शाळेतून सुट्टीवर घरी आलेली गिरजा रात्री वडिलांबरोबर पाण्याच्या बारीला, म्हणजे शेताला पाणी घ्यायच्या पाळीला, जाते. कंदील, पायाखालचा ओला चिखल, वरच्या शेतातून पाणी सुटल्याचा आवाज, आणि पाणी येईपर्यंत बोलायचं नाही ही वडिलांची सवय. या सात पानांत जादू नव्हती, प्रेमही नव्हतं. तरी हस्तलिखितातला सगळ्यात जिवंत भाग तोच होता.

संपादक मॅडमनी पहिल्याच भेटीत ती पानं बाजूला काढून ठेवली. "ही सात पानं तुझी आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीची तू वाचलेल्या पुस्तकांची आहेत."

अडचण

वरवर पाहता अडचण लांबीची आणि उसनवारीची होती. ती खरीही होती, पण दुय्यम. मूळ दुखणं रचनेत होतं: जादू आणि बंदी यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. छड्या काढून टाकल्या तरी प्रेमाला बंदी राहिली असती आणि बंदी उठवली तरी जादू तशीच चालली असती. अशा कादंबरीत दोन पुस्तकं एकाच बांधणीत बसवलेली असतात. वाचक एकातून दुसऱ्यात जाताना दर वेळी अडखळतो, आणि आपण का अडखळलो हे त्याला सांगता येत नाही.

या प्रकारच्या लेखनात हा दोष फार आढळतो. लेखक आधी जादूची यादी करतो, मग प्रेमकथा लिहितो आणि दोन्हींत ताण आणण्यासाठी "प्राचीन शाप" घालतो. शाप हे कारण होऊ शकत नाही. कारण म्हणजे अशी गोष्ट की जिच्यामुळे बंदी घालणारा माणूसही काही प्रमाणात बरोबर ठरतो. गिरजाच्या आईला, वडिलांना, गावाला या प्रेमामुळे नेमकं काय गमवावं लागतं? हस्तलिखितात या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दुसरी अडचण मराठी वाचकाच्या मनातली. प्रेमाला बंदी म्हटलं की इथल्या सतरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा जात आठवते. लेखकाला ते नको असलं तरी आठवते. "प्रकाशाचं कुळ" आणि "अंधाराचं कुळ" अशी नावं ठेवली तर अर्थ आणखीच वाईट होतो, कारण कोणाला अंधार म्हटलं जातं हे या समाजात सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी अडचण कायद्याची आणि माणुसकीची. ती पुढे येईल.

समोरचे पर्याय

चर्चेत तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली वाट, आहे तेच जग ठेवून भाषा आणि लांबी सुधारायची. यात काम सगळ्यात कमी होतं. प्रकाशकांचा कल सुरुवातीला इकडे होता, कारण अशा पुस्तकांना वाचक आहे हे दिसतं. तोटा असा की त्या वाचकाला हेच जग इंग्रजीतून किंवा अनुवादातून आधीच मिळालेलं असतं आणि तिथे ते अधिक पक्कं बांधलेलं असतं.

दुसरी वाट, जादू पूर्ण काढून सरळ आंतरजातीय प्रेमाची वास्तववादी कादंबरी करायची. लेखिकेने हे दोन प्रकरणांपुरतं करून पाहिलं. लेखन वाईट नव्हतं, पण तिला जे लिहायचं होतं ते त्यात उरलं नव्हतं. हा पर्याय तिनेच सोडला आणि ते योग्य झालं. संपादकाला पटणारं पुस्तक लेखकाकडून लिहून घेतलं की ते तिसऱ्याच माणसाचं होतं.

तिसरी वाट, ती सात पानं पायाशी घ्यायची आणि पाण्याच्या वाटपातूनच जादू आणि बंदी दोन्ही उभ्या करायच्या. यात पुनर्लेखन जवळजवळ संपूर्ण होतं. हीच वाट निवडली गेली.

पहिला निर्णय: जग कुठलं

पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून उताराने निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. पाटाखालची जमीन काही मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, वाटलेली असते. एका हंगामात एका फडात एकच पीक, त्यामुळे पाण्याची गरज सारखी आणि मोजणं सोपं. पाणी सोडणारा पाटकरी, शेतापर्यंत ते पोचवणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा हवालदार, अशी माणसं ठरलेली. पाणी कमी पडलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा हे गाव मिळून ठरवतं.

कल्पनारम्य कादंबरीला लागतं ते सगळं इथे आयतं होतं: पदं, नियम, वाटप, शिक्षा आणि रात्री एकटं बाहेर पडायला सबळ कारण. लेखिकेने फड असलेलं एक काल्पनिक गाव घेतलं. काळ मोटारपंप येण्याच्या आधीचा. नदीचं नाव बदललं, पण तिचा स्वभाव पांझरेचाच ठेवला.

इथे एक चूक झाली आणि ती वेळेत सापडली. लेखिकेने संघर्ष पाटाच्या मुखाकडचे श्रीमंत विरुद्ध शेपटाकडचे गरीब असा रचला होता. मोठ्या कालव्यांवर असं घडतं. पण फडाची मूळ कल्पनाच अशी की शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असावी, म्हणजे एक फड कोरडा पडला तर त्याची झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते. व्यवस्था निवडायची आणि तिच्यात नसलेलं भांडण तिच्यावर लादायचं, हे चालणारं नव्हतं. मग भांडण गावातून उचलून दोन गावांमध्ये नेलं. एकाच नदीवर ओळीने बंधारे असतात. वरच्या गावाने पाणी अडवलं की खालचं गाव बघत राहतं. गिरजा वरच्या बंधाऱ्याच्या गावची पाटकऱ्याची मुलगी झाली आणि राघो खालच्या गावचा पाणाड्या. जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा.

दुसरा निर्णय: जादूचा नियम आणि बंदी एकच

या हकिकतीचा गाभा इथे आहे, म्हणून सविस्तर.

संपादकांनी लेखिकेला एक पान दिलं आणि त्यावर फक्त चार गोष्टी लिहायला सांगितल्या: शक्ती कुठून येते, ती काय करू शकत नाही, वापरली की कोणाला काय किंमत पडते आणि बाकीच्यांना ते कसं कळतं. चौथा प्रश्न लोक विसरतात. जादूची खूण दिसली नाही तर बंदी मोडल्याचं गावाला कळणार कसं, आणि कळण्याची भीती नसेल तर लपूनछपून भेटण्यात ताण कुठून येणार?

तिसऱ्या प्रयत्नात त्या पानावर जे उरलं ते असं. पाणी निर्माण होत नाही आणि नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. गिरजा वाहतं पाणी वळवू शकते. राघो जमिनीतलं पाणी ऐकू शकतो. दोघांनी हात धरला की वाहतं पाणी जमिनीत मुरतं: एक घटका, म्हणजे 24 मिनिटं, हात धरला तर वरच्या गावचा पाट चार बोटं उतरतो. मुरलेलं पाणी खालच्या गावच्या विहिरींत आणि नदीपात्रात निघतं. किंमत अशी की गिरजाच्या तोंडाची चव जाते आणि राघोला दर भेटीनंतर थोडं कमी ऐकू येतं. म्हणजे ज्या कानाने तो पाणी शोधतो तोच कान तो खर्च करतो.

आता बंदीला शापाची गरज उरली नाही. वरच्या गावाच्या दृष्टीने हे प्रेम म्हणजे पाण्याची चोरी आहे, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. खालच्या गावाच्या दृष्टीने हेच प्रेम म्हणजे आटलेल्या विहिरीला आलेलं पाणी आहे. तेही राघोला गिरजापासून दूर करणार नाहीत, उलट ढकलतील. लेखिकेला सगळ्यात चांगला प्रसंग यातूनच सुचला. राघोचा काका त्याला म्हणतो की आज रात्री जा, आणि राघोला पहिल्यांदा जावंसं वाटत नाही.

या नियमाला भूजलाचा आधारही आहे. वरच्या पाटातून आणि शेतांतून मुरलेलं पाणी खाली पात्रात पाझरतं आणि पुढच्या बंधाऱ्याला मिळतं. कादंबरीने तेच घेतलं, फक्त वेळ कमी केला. खऱ्या गोष्टीचा वेग बदलणारी जादू कुमार वाचक लवकर स्वीकारतो, कारण त्याला तिचा अंदाज बांधता येतो.

मग आकडे तपासले. पाटाची खोली दीड हात ठरवली होती. हात म्हणजे 24 बोटं, म्हणून एकूण 36. फाल्गुनानंतर नदी बारीक होते, म्हणून एकदा उतरलेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत वर येत नाही, असा नियम केला. खर्ड्यात दोघांच्या भेटी 11 आणि प्रत्येक भेट एका घटकेची. 11 गुणिले 4 म्हणजे 44. नवव्या भेटीलाच पाट कोरडा पडत होता, आणि दहावी भेट तुडुंब पाटाच्या काठावर चांदण्यात लिहिलेली होती. वाचक असा हिशोब करत नाहीत असं समजू नये. या वयाचे वाचक तेच करतात.

भेटी सहावर आणल्या. सहा भेटी म्हणजे 24 बोटं, उरली 12. शेवटच्या प्रसंगासाठी सलग तीन घटका हात धरायची सोय राहिली आणि त्यानंतर पाट संपतो. भेटी कमी झाल्याने प्रेमकथा आटेल अशी लेखिकेला भीती होती. झालं उलट. प्रत्येक भेटीआधी दोघांना ठरवावं लागलं की आजची चार बोटं कशासाठी. एका भेटीत ते समोरासमोर बसतात आणि हात धरतच नाहीत. चाचणी वाचकांनी सगळ्यात जास्त खुणा त्याच प्रकरणात केल्या.

तिसरा निर्णय: शक्ती जन्माने की शिकून

पहिल्या खर्ड्यात शक्ती रक्तातून यायची. या एका गोष्टीवर चर्चा सगळ्यात लांबली, आणि लांबायलाच हवी होती.

जादू वंशाने येते असं मांडलं की कथा नकळत सांगते की माणसं जन्मतःच वेगळ्या घडणीची असतात. मग शेवटी दोघं एकत्र आली तरी तो अपवाद ठरतो, नियम शाबूत राहतो. जातीच्या समाजात वाढणाऱ्या मुलांसाठी लिहिताना हे चालवून घेता येत नाही. पण शक्ती कोणालाही शिकता येते असं पहिल्याच पानावर सांगितलं तर दोन घराण्यांचा दबदबाच उरत नाही.

तोडगा असा निघाला: शक्ती शिकूनच येते, पण घराणी ती रक्तातली असल्याचं सांगत आली आहेत. बाराव्या वर्षी मुलाला रात्री बंधाऱ्यावर नेऊन जे करतात त्याला विधी म्हणतात. खरं तर ते शिक्षण आहे. गिरजाला हे मध्यावर कळतं, जेव्हा जागल्याचा मुलगा, ज्याला कोणी काही शिकवलेलं नाही, केवळ वर्षानुवर्षं पाहून पाट वळवतो. यामुळे मधला भाग, जो आधी नुसत्या विरहाचा होता, त्याला कणा मिळाला. घराणं काय लपवतंय हे गिरजाला माहीत झालं की तिचं प्रेम आणि तिचा प्रश्न एकाच दिशेला जातात.

चौथा निर्णय: डाकीण

सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. करणी करते असं म्हणून एखाद्या व्यक्तीचा छळ करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कादंबरीत जादू असण्याला तो कायदा आड येत नाही. प्रश्न कायद्याच्या पलीकडचा होता: एका म्हातारीला डाकीण म्हणून जाळल्यावर गावाचं भलं होतं, असा शेवट नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळेतल्या मुलीच्या हाती द्यायचा का?

संपादकांनी इथे तडजोड केली नाही. म्हातारी राहिली, पण ती आता पाट उतरण्याचा दोष जिच्यावर ढकलला जातो ती बाई झाली. पाट का उतरतोय हे फक्त गिरजाला माहीत आहे. तिने तोंड उघडलं तर राघो जातो, गप्प राहिली तर म्हातारी जाते. पूर्वी खलनायिका असलेलं पात्र असं नायिकेच्या सगळ्यात कठीण निवडीचं कारण झालं. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, आणि तो कथेच्या सोयीसाठी केला गेला नव्हता. नकारातून निघाला होता.

पाचवा निर्णय: वय आणि स्पर्श

पहिल्या खर्ड्यात सोळा वर्षांच्या गिरजाचा एक शारीरिक जवळिकीचा प्रसंग होता. पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील व्यक्ती बालक. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब मध्ये मुलांना अश्लील रीतीने दाखवणारा इलेक्ट्रॉनिक मजकूरही येतो, आणि ई-बुक काढायचं ठरलेलं होतं. लग्नाचा शेवटही अडचणीचा. बालविवाह प्रतिबंध कायदा 2006 नुसार मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण लागतात. गोष्ट जुन्या काळातली म्हणून कायदा लागू नाही असं म्हणता येतं, पण वाचक आजचे आहेत.

दोघांनाही 19 चं करायचं हा सोपा मार्ग होता. त्याने कुमार कादंबरीचा नूर गेला असता. वय दोघांचंही 17 ठेवलं, तो प्रसंग काढला, लग्न काढलं. हातात हात धरणं हीच जादू असल्याने स्पर्श कमी झाल्याचं कोणाला जाणवलं नाही. ज्या जगात हात धरल्याने गावाचं पाणी जातं तिथे हात धरणं हाच मोठा प्रसंग आहे.

भाषा आणि सणवार

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत, हे लवकर ठरलं. किती अहिराणी, हे उशिरा. पहिल्या पुनर्लेखनात संवाद लांब होते. धुळे-साक्रीच्या मुलांना ते फार आवडले. पुण्याच्या वाचकांनी पानं उलटली. रावेरच्या मुलीने सांगितलं की तिच्या घरी लेवा बोली आहे, ही अहिराणी तिला अर्धीच कळते. खानदेश म्हणजे एकच बोली, असं गृहीत धरल्याचा हा फटका. उपाय म्हणून संवाद तोडून आखूड केले आणि अर्थ प्रसंगातून कळेल असे ठेवले. "तू आठे काबर उनी?" (तू इथे का आलीस?) किंवा "तुनी बारी सरनी" (तुझी पाळी संपली) यांना टीप लागत नाही, समोर पाण्यात उभा असलेला माणूस दिसत असतो. शब्दसूची दिली नाही.

छपाईत एक जुनं दुखणं उपटलं. मजकूर युनिकोडमध्ये होता, मांडणीकाराने जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि "ऱ्हायना" मधला ऱ्ह सगळीकडे तुटला. अहिराणीत हे अक्षर पानोपानी येतं. पूर्ण पुस्तकाचं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागलं. बोलीतला मजकूर असेल तर मांडणी युनिकोडमध्येच करून घ्यावी, आणि आधी दहा पानांचा नमुना तपासावा.

सणांबाबत एक मर्यादा पाळली गेली: देवाच्या खऱ्या विधीत कादंबरीची जादू घालायची नाही. शेवटचा प्रसंग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आहे. माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बाया एकमेकींना शिव्यांच्या गाण्यांनी उत्तरं देत उभ्या, ही काही गावांतली जुनी रीत. त्या दोन काठांच्या मध्ये, वाळूत, सगळ्यांसमोर गिरजा राघोचा हात धरते आणि तीन घटका सोडत नाही. पाट संपतो, म्हातारीवरचा आळ सुटतो, खालच्या पात्रात पाणी फुटतं. उपसंहार श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या वेळी. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, बऱ्याच घरांत भाऊबंदांबाहेर देत नाहीत. गिरजाच्या आईने तो राघोला द्यावा असा लेखिकेचा मोह होता. गावातल्या जाणत्या बायांशी बोलून तिने तो सोडला. आई रोट देत नाही. ती त्याला ओट्यावर बसवून ताटात भाकरी वाढते, एवढंच.

चाचणी वाचन

13 ते 18 वयाच्या नऊ मुलामुलींना हस्तलिखित दिलं. "आवडलं का" हा प्रश्न मुद्दाम विचारला नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो येतं. विचारलं ते असं: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत? आत्ता या दोघांनी हात धरला तर काय होईल? वरचं गाव बरोबर की खालचं?

दुसऱ्या प्रश्नाने एक छिद्र दाखवलं. चौदाव्या प्रकरणात गिरजा रागाच्या भरात कोरडी चारी भरते. पाणी कुठून आलं ते सांगितलेलं नाही. प्रसंग देखणा होता म्हणून लेखिकेने आणि संपादकांनीही तो वाचवला होता. चार मुलांनी एकच गोष्ट लिहिली: मग आखाजीला तिने तसंच का नाही केलं? प्रकरण काढलं.

परिणाम

अंतिम मजकूर 26 प्रकरणं, सुमारे 78,000 शब्द. डेमी आकारात 288 पानं, म्हणजे 16 पानी 18 फॉर्म. मूळ लांबीत तेच पुस्तक 30 फॉर्मच्या आसपास गेलं असतं आणि त्या किमतीला कुमार वाचकाने ते स्वतःच्या पैशाने घेतलं नसतं. पहिली आवृत्ती 500 प्रतींची होती. ती संपली, पण सावकाश, मुख्यतः शाळा-महाविद्यालयांतल्या वाचन गटांतून. काही शाळांनी प्रेमकथा म्हणून ग्रंथालयात ठेवायला नकार दिला. ज्या शिक्षकांनी ठेवली त्यांच्याकडून सगळ्यात जास्त प्रतिक्रिया म्हातारीच्या प्रकरणांवर आल्या.

टीका दोन ठिकाणी नेमकी बसली. फड पाहिलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने कळवलं की पुस्तकातला पाटकरी स्वतःच्या मर्जीने पाणी सोडतो. प्रत्यक्षात तो हवालदाराच्या आणि गावाच्या सांगण्याबाहेर जात नाही. आणि अनेक मुलांनी लिहिलं की राघो कळतो पण त्याचं गाव दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फडाची माहिती लेखिकेने घरातून ऐकलेल्या गोष्टींवर आणि वाचनावर गोळा केली. नियमाचं पान लिहिण्याआधी फडावर काम केलेल्या दोन-तीन माणसांशी बसून बोललं असतं तर पाटकऱ्याची चूक तर टळलीच असती, शिवाय हवालदार हे एक अख्खं पात्र मिळालं असतं. वरून हुकूम देणारा आणि खाली मुलीला ओळखणारा माणूस या कथेत हवा होता.

राघोच्या गावाची पोकळी योगायोगाने राहिली नाही. पुस्तक 26 प्रकरणांवर आणताना जी प्रकरणं गेली त्यांत खालच्या गावची जास्त होती, कारण ती लिहायला लेखिकेला अवघड जात होती आणि म्हणून कमी सरस उतरली होती. कापताना लेखनाची प्रत पाहिली गेली, तोल पाहिला गेला नाही. बंदीच्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत हा पुस्तकाचा आधारच असताना एका बाजूची प्रकरणं वाचवून ती पुन्हा लिहून घ्यायला हवी होती. उशीर झाला असता, तरी.

चाचणी वाचकांत वरच्या-खालच्या गावांची, म्हणजे प्रत्यक्ष पाण्यावरून भांडण असलेल्या गावांची मुलं घेतली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांनी "खालचं गाव" असं दिलं, तेव्हाच संशय यायला हवा होता. तोल बरोबर असता तर उत्तरं फुटली असती.

संवाद मांडणीला जाण्याआधी मोठ्याने वाचून घेतले नाहीत, हेही राहून गेलं. अहिराणी डोळ्यांनी तपासली की लेखन तपासलं जातं, बोलणं नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी साक्री तालुक्यातल्या दोन बायांकडून सगळे संवाद वाचून घेतले जात आहेत, हवालदाराला जागा करून दिली आहे आणि खालच्या गावची दोन प्रकरणं लेखिका नव्याने लिहीत आहे. पानं 304 होतील, म्हणजे एक फॉर्म वाढेल.